एक किलोचं पोतं

मावशींचं बियाणं मी भरडलं. गेले सहा महिने मी हे असंच सांगतो, आणि गिरणीचे शेठ दर वेळी माझं वाक्य दुरुस्त करतात. त्यांच्या मते ते एआयनं भरडलं.

कामशेतच्या एका भातगिरणीचा प्रोग्राम माझा आहे. गोदामात कुणाची किती पोती, कुठली कधी भरडायची, एवढंच तो सांभाळतो. घरी ओल आणि उंदीर, म्हणून काही जण पुढच्या वर्षीचं बियाणंही गोदामात ठेवतात. ते पोतं काट्यावर चढवत नाहीत. बियाणं तोललं की बरकत जाते म्हणतात, आणि हमालही ते पाळतात. पण माझा प्रोग्राम वजन घातल्याशिवाय पुढं सरकायचा नाही. मग गिरणीची वही सांभाळणारे दिवाणजी तिथं एक किलो टाकायचे. एक किलो दिसलं की हात लावायचा नाही, हे गिरणीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. हा शब्द लिहायला मला वेळ लागला, पण तो राहू दे.

उन्हाळ्याच्या तोंडावर शेठनी एआय एजंट घेतला. त्याला तोंडी काम सांगायचं. कुठलं साधन वापरायचं ते तो स्वतः ठरवतो, आणि ठरवायला त्याच्याकडे आधार एकच: त्या साधनाबद्दल आपण लिहून ठेवलेली माहिती. माझ्या प्रोग्राममधली साधनं मी त्याच्या हाती दिली. त्यातल्या एकाबद्दल लिहिलं, ‘पडून राहिलेला थोडका माल भरडाईच्या यादीत घालतो.’ बस. जेवायची वेळ झाली होती, आणि हे वाचतंय कोण, असं वाटलं.

ज्यानं वाचलं त्यानं नीट वाचलं. शेठ म्हणाले, गोदाम मोकळं कर. एजंटानं कित्येक महिने पडलेल्या एकेक किलोच्या नोंदी शोधल्या आणि यादीत घातल्या. जुने हमाल त्या आठवड्यात गावच्या जत्रेला गेले होते. बदलीवरच्यांना एक किलोचा अर्थ ठाऊक नव्हता; त्यांनी यादी बघून पोती उचलली आणि भरडायला घातली.

बाकीच्यांनी दुकानातून बियाणं आणलं. मावशी गिरणीच्या जुन्या गिऱ्हाईक; त्यांचं तसं नव्हतं. त्यांचा आंबेमोहोर घरचा, सासूच्या हातचा, दरवर्षी लोंब्या निवडून राखलेला. रोपांसाठी दाढ टाकायची म्हणून त्या पोतं न्यायला आल्या, तेव्हा मी तिथंच होतो. समोर आलेल्या पोत्यातून त्यांनी मूठभर तांदूळ हातात घेतला.

“हे काय रं? हे शिजवायचं. मी पेरू काय आता?”

मी म्हणालो, “मावशी, चूक माझी आहे.”

“तू उचललंस व्हय पोतं?”

“नाही. पण उचलायचं नाही, हे लिहिलं नाही.”

“मंग निस्तर आता.”

मी पवना नदीकडची गावं पालथी घातली. त्यांच्या एका चुलत बहिणीकडे त्याच वाणाचं थोडं भात निघालं. निम्म्या खाचरापुरतं. निम्मं खाचर यंदा मोकळं राहिलं आणि येता-जाता मी ते बघत होतो.

शेठ म्हणाले, “भाऊ, दोन ओळी लिहून द्या. तांत्रिक बिघाड, एआयची चूक. जगात होतंच आहे.”

“बिघाड नव्हता. त्यानं माझं ऐकलं.”

“कशाला अंगावर घेता?”

मी लिहून दिलं नाही. उलट ते साधन बंद केलं आणि चार दिवस गोदामात हमालांमध्ये बसलो. बियाण्यासाठी वेगळी नोंद केली, वजनाशिवाय चालणारी. पोत्याच्या मालकाचा होकार नोंदवल्याखेरीज ते पोतं यादीत जाणारच नाही, असा अडसर घातला. मग माहिती पुन्हा लिहिली. साधन कधी वापरायचं, कधी मुळीच नाही, शंका आली तर थांबून कुणाला विचारायचं. भरडलेल्याचं पुन्हा भात होत नाही, हे सगळ्यात वर. दीड पान झालं. एजंट विकणाऱ्या पुण्याच्या माणसानं फोनवर सुनावलं, “दोन ओळींत बसवा हो. एवढं कोण वाचतं?”

“तोच वाचतो,” मी म्हणालो. “वाचत आपण नाही.”

गेल्या आठवड्यात भाताची झोडणी उरकून मावशी नवं बियाणं घेऊन आल्या. पोतं टेम्पोतून उतरवलं, पण आत नेऊ देईनात. त्याला टेकून ओट्यावर बसल्या. “आदी वाच काय लिवलंस ते.”

मी दीड पान वाचून दाखवलं. शेठ दारात उभे. नवा माल येऊन पडत होता आणि त्यांना एजंट त्याच दिवशी पूर्ण चालू हवा होता.

मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं. “मला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई, हे बरं हाय. आन मी मेले तर? कुणाला इचारल ते?”

मी दीड पान पुन्हा चाळलं. हे कुठंच नव्हतं. पेन काढून पानावर लिहिलं, ‘मालक हयात नसल्यास सुनेला विचारावे.’ तेही वाचून दाखवलं.

“सुनेला न्हाई. ती उद्याच्याला शिजवून मोकळी हुईल. लेकीला.”

सून खोडून लेक लिहिलं. मग वाटलं, हे प्रत्येक पोत्याला वेगळं असणार. प्रत्येक घरी जाऊन विचारावं लागणार.

“मग आज चालू होणार ना?” शेठनी विचारलं.

“नाही.”

“दुसरा माणूस बघावा लागेल मला.”

“बघा,” मी म्हणालो, आणि बियाण्याच्या पुढच्या पोत्यावरचं नाव वाचायला वाकलो.