उन्हात धरलेला पेला

काल नातसून मोबाईलवरचा कसलासा इलाज वाचून दाखवायली होती आणि मी फडकं पिळत होते. ओल्या सुती कापडाचा वास आला अन् निजामाच्या काळातलं आमचं मानवत गाव डोळ्यांपुढं उभं राहिलं.

वडलांच्या पायातून नारूचा जंत निघत होता, पांढऱ्या दोऱ्यासारखा. लय आग व्हायची, म्हणून ते बारवेच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडायचे. सगळेच तसं करायचे, आणि त्याच बारवेतून आम्ही घागरी भरायचो. कुणी म्हणे देवीचा कोप, कुणी म्हणे शिळं खाल्लं. आई सगळ्यांचं ऐकायची आणि पाय सुजतच जायचा.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. म्हणाले, "पाय पाण्यात नको. नारू तिथूनच पसरतो. पाणी गाळून प्या."

आई फटकन म्हणाली, "सगळेच कायबाय सांगायलेत. तुमचंच का खरं धरू?"

मला वाटलं, आता चिडतील. ते हसले. "मत मानो, बाई. खुद देखो."

त्यांनी काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी घेऊन उन्हात धरलं. त्यात बारीक ठिपके उड्या मारत होते. "नारू यांच्याच पोटातून तुमच्या पोटात जातो." मग तेच पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. पेला नितळ झाला.

पुढं गल्लीतल्या घागरींच्या तोंडावर फडकी दिसायला लागली. आईनं कुणाला उपदेश केला नाही. सकाळी बारवेच्या पायरीवर उभी राहायची, येणाऱ्या बाईपुढं पेला उन्हात धरायची आणि एवढंच म्हणायची, "बघ."