गिरणीवाल्या बाईंची विचारपूस

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. जुन्या जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला एक पिठाची गिरणी होती. ती चालवणाऱ्या बाई पडणारं पीठ चिमटीत घेऊन बघायच्या आणि मान वर न करता प्रत्येक नव्या माणसाला एकच विचारायच्या, "मामाचं गाव कोणतं?"

दळण कशाचं, ते नंतर. त्यांचं म्हणणं, नाव माणूस कोणतंही सांगतो, पण मामाच्या गावावरून तो बराबर सापडतो. एकदा विजेचं मीटर बघायला एक जण आला, त्यालाही हेच विचारलं. तो निघाला त्यांच्या चुलत बहिणीच्या सासरचा. पोहे झाले, चहा झाला, दोन्हीकडची खुशाली झाली, आणि गडी मीटर न बघताच निघून गेला. पुढच्या महिन्यात अंदाजे बिल आलं. बाई म्हणाल्या, "येऊ द्या. पाव्हणा तर कळला."

मी तिसरी शिकलेला. उभा जन्म मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहिली. पोत्याखाली सोडून कुठं वाकलो नाही, आणि या वयात मोबाईलपुढंही वाकायचं नाही म्हणून तो घेतला नाही. माझी सकाळ गिरणीच्या बाकावर जायची. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

बाईंचा नवरा एमआयडीसीत, सळया ओढायच्या कारखान्यात. एकच पोरगी, नववीला. हात इतका चांगला की लग्नसराईत गल्लीच्या पोरी मेंदीसाठी तिच्याकडं रांग लावायच्या. ती मेंदीचे फोटो मोबाईलवर टाकायची. तिथं कुणी ओळख नसलेली 'ताई' तिला लिहायला लागली. छान काढतेस, मला शिकवशील का, असं. पोरीनं आईला दाखवलं. आईनं चालू गिरणीतून ओरडून सांगितलं, "विचार तिला, मामाचं गाव कोणतं?"

उत्तर लगेच आलं. वाटूर.

बाईंचं माहेर वाटूर. बाई अशा हसल्या की सांगता सोय नाही. "आपल्यातलीच हाय. बोल तू बिनधास्त."

काही महिने गोड बोलणं चाललं. मग ताईनं पोरीचा फोटो मागितला. पोरीनं मामाच्या लग्नातला साडीतला पाठवला. मग आईला काही सांगू नको, असं आलं. आणि एक दिवस ताईचा आवाज आला तो बाप्याचा. एकटी भेटायला ये, न्हाई तर तुझा फोटो खराब करून मामाला पाठवतो, वाटूरभर फिरवतो.

पोरगी शाळेतून दप्तरासकट गिरणीत आली आणि आईच्या पदरात तोंड घालून रडली. रडणं ओसरल्यावर बाईंनी विचारलं, "मला सांगायला भ्याली न्हाईस?"

पोरगी म्हणाली, "तूच तर बोल म्हणली होतीस."

वाटूर त्याला कसं कळलं? मामाच्या लग्नाचे फोटो पोरीनंच टाकलेले, वर गावाच्या नावासकट. बाई मला म्हणाल्या, "काका, सवाल माझा, आन् जवाब त्यानं माझ्याच घरातून उचलला."

पोलिसांत मीही गेल्तो, सोबतीला. तिथल्या पोलीसबाईनं नीट लिहून घेतलं. एकही मेसेज पुसू नका, त्याला उलट काही लिहू नका, म्हणाली. नंतर बाई किती वेळा विचारायला गेल्या, तपास चालू आहे हेच ऐकलं. एक नंबर बंद केला की तो दुसऱ्यावरून यायचा.

नवऱ्यानं वेगळंच धरलं. "बस झालं शिक्षण. वाटूरला नेऊन सोडतो. पुढचं मामा बघंल." मामा पुढचं काय बघतो ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. स्थळ बघतो.

बाईंनी आधी भावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. भाऊ म्हणाला, "आला फोटो तर पुसून टाकतो, आक्का. पोरीला म्हणावं शाळंत जा."

दुसऱ्या दिवशी गिरणीत बायकांची गर्दी. गहू अर्धा दळलेला असताना बाईंनी मोटार बंद केली. तुम्ही बघितलं असेल, गिरणी एकदम थांबली की सगळे माना वर करतात. बाई बोलल्या, "माझ्या पोरीला असं असं झालं. घरी जाऊन आपापल्या पोरींला विचारा. मारू नका, नुसतं विचारा."

मला खाली बघावंसं वाटलं. गर्दी गेल्यावर मी म्हणालो, "बाई, ही चारचौघांत बोलायची गोष्ट हाय का?"

"मंग कुठं बोलू, काका? त्याच्यापाशी धमकी एकच, सांगीन म्हणतो. मीच सांगून टाकते. त्याला सांगायला काही ठेवतच न्हाई."

मग रोजच मोटार बंद होऊ लागली. काही बायकांनी डबे उचलून दुसरी गिरणी धरली. काही जणी शेवटपर्यंत मागं थांबायच्या आणि हळूच म्हणायच्या, "माझ्या बी पोरीला कुणीतरी लिहितंय, वहिनी." बाई हात झटकून त्यांच्याजवळ बसायच्या.

घर गिरणीच्या मागंच, पोरगी आतल्या खोलीतून ऐकायची. एकदा ती बाहेर आली आणि म्हणाली, "आई, मला सोडून सांगत जा ना." तेव्हापासून बाई 'एक पोरगी होती' म्हणून सांगू लागल्या. पोरगी कोणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यानंतर कुणी आतल्या दाराकडं बघितलं नाही.

शाळा सुटली नाही, दहावी झाली. पण कारखान्यातल्या बोलण्याला नवरा कंटाळला. त्यानं पुण्याकडं काम बघितलं. पुढचं कॉलेज तिकडंच, या बोलीवर बाई निघाल्या.

सामान न्यायला टेम्पो आला. ड्रायव्हर अनोळखी. आता विचारतील म्हणून मी बाकावर कान लावून बसलो. बाईंनी त्याला भांड्यांचं पोतं नीट ठेवायला सांगितलं, बस्स.

"विचारलं न्हाई?" मी म्हणालो.

"काय विचारू? जवाबावर भरोसा राह्यला न्हाई. आन् सांगून सांगून थकले मी, काका." मग शटर ओढलं आणि हाताला पीठ नसताना हात झटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारीची पिशवी घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीत गेलो. तिथला माणूस कुणाला काही विचारत नाही, पिशवी घेतो आणि ओततो. माझ्यापुढं पाच-सहा बायका होत्या. एकीजवळ तिची पोरगी उभी होती, मान मोबाईलमध्ये.

मी पिशवी खाली ठेवली आणि गिरणीवाल्याला म्हणालो, "जरा मोटार बंद कर रे बाबा. मला बोलायचंय."