डाइक कापणाऱ्यांच्या नावानं

नेटा स्प्रोट तीस वर्षं स्कॉटलंडातल्या गॅलोवेच्या वाड्यावस्त्यांवर टपालाची लाल गाडी फिरवत होती. एका हिवाळ्यात गाडी बर्फात रुतली, तर बाई थैली खांद्याला मारून चालत निघाली आणि शेवटच्या घरी विजेचं बिल देऊन आली. त्या घरच्यांनी तिला अजून माफ केलेलं नाही. एकदा तिच्या मनानं घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ते हलायचं नाही.

आणि तिच्या मनानं घेतलं होतं ते रॅब गॉर्लीच्या कुरणातल्या उंचवट्याचं. गोल टेकाड, भोवती खंदक, बाहेर मातीचा बांध. ही जुनी गढीच, असं ती पत्रासोबत घरोघर वाटत असे. बांधात दक्षिणेला एक वाट होती, ते म्हणे गढीचं दार. शाळेतल्या पोरांना ती तिथूनच आत न्यायची. "माना खाली घाला रे, सरदार वरून बघतोय." सरदार कोण, कुठला, हे तिला तरी कुठं ठाऊक होतं?

पुढं रॅब थकला आणि त्यानं कुरण झाडं लावणाऱ्या कंपनीला विकलं. आता यंत्रं येणार, चर खणणार आणि सगळीकडे स्प्रूस लावणार. उंचवटा खरंच जुना निघाला तरच तेवढी जागा सुटणार होती. ते ठरवायला हॅरिएट थर्टल नावाची पुरातत्त्वाची बाई आली. इंग्लंडातल्या नॉरफोकची, बोलायला गोड आणि कामाला चोख. कुरण पायाखाली घालून झाल्यावर ती नेटाच्या स्वयंपाकघरात चहाला बसली. रॅब आधीच येऊन बिस्किटं संपवत होता.

"नेटाबाई, सांगायला वाईट वाटतंय," हॅरिएट म्हणाली, "पण ते कर्लिंगचं, बर्फावरच्या खेळाचं तळं आहे. खंदकात पाणी सोडून गोठवायचे आणि त्यावर दगड सरकवायचे, हे तुम्हीच सांगितलंत. तुमच्या कर्लिंगच्या क्लबात दर हिवाळ्यात पहिला पेला 'डाइक कापणाऱ्यांच्या नावानं' उचलतात म्हणे. म्हणजे खंदक खेळाडूंनीच खोदला. निघालेली माती मध्ये टाकली, त्याचं टेकाड झालं."

"पेल्याचं कोणी सांगितलं?"

हॅरिएटनं रॅबकडे पाहिलं. रॅबनं बिस्किटाकडे पाहिलं. "अगं नेटे, तळं ते तळं. सोड की आता."

"तू गप रे. विकून मोकळा झालास ना?" हार मानणं नेटाच्या रक्तात नव्हतं. ती किटली ठेवायला वळली आणि वळता वळता थांबली. "काय गं, तुमच्या गावी डाइक म्हणजे काय?"

"चर. खंदक. आमचं शिवार भरलंय डाइकांनी. लहानपणी मी पडलेय त्यात, पार गळ्यापर्यंत."

"रॅब, तू कधी डाइकात पडलायस?"

"डाइकात कसा पडेन? डाइकावरून पडलोय," रॅब म्हणाला. "लग्नाच्या दिवशी."

हॅरिएटचा कप ओठांशी थांबला.

"इथं डाइक म्हणजे बांध, बाई. उभा असतो तो," नेटा म्हणाली. "आमच्या लोकांनी खंदक खोदला नाही, बांध कापला. आणि कापायला तो आधी असायला हवा की नको?"

"हवा," हॅरिएट सावकाश म्हणाली. "पण कापला कुठं? ती जागा दाखवलीत तर तिथं खणून बघता येईल."

नेटानं मनातल्या मनात बांधाला फेरी मारली. बांध सगळीकडे सलग होता, फक्त एक जागा सोडून. ओढा तिथूनच जवळ. पाणी आत घ्यायला तिथंच कापला असणार, आणि कापणाऱ्यांत तिचा सख्खा आजा होता. तिचं दार, सरदाराचं दार, म्हणजे आज्यानं पाडलेलं खिंडार. गप्प बसली असती तर दार राहिलं असतं आणि गढी गेली असती. स्वतःच्या हातानं दात उपटावा तसं तिला झालं.

"दक्षिणेची वाट," ती म्हणाली. "ते दार नाही. कधीच नव्हतं."

रॅबनं उरलेलं बिस्किट तिच्या बशीत ठेवलं.

तिथं खणलं. कुदळीनं कापलेली कड मातीत स्वच्छ दिसत होती, आणि तिच्या मागचा बांध कितीतरी जुना होता. खंदकात तळ्याच्या गाळाखाली आणखी जुना गाळ लागला, आणि त्यात मध्ययुगातल्या मडक्याचा काजळी धरलेला काठ. हॅरिएटनं लिहून दिलं, 'बहुधा गढी'.

"बहुधा कशाला?" नेटा तणतणली. "मडकं काय उडत आलं?"

"मडकं भांडायला पुरतं, नेटाबाई. शपथ घ्यायला नाही."

पण स्प्रूसची लावणी बांधापासून लांब थांबली.

वसंतात शाळेची पोरं आली आणि सवयीनं माना खाली घालून वाटेकडे निघाली.

"तिकडून नाही," नेटानं हाक दिली. "ते खिंडार माझ्या आजोबांनी पाडलंय. वरून चढा." आणि स्वतः गुडघ्यांवर हात टेकून बांध चढू लागली.

"मग सरदार?" एकीनं विचारलं. "तो बघतोय ना?"

नेटा बांधाच्या माथ्यावर दम खात उभी राहिली. टेकाडावर वारा होता आणि दोन मेंढ्या होत्या.

"बघतोय," ती म्हणाली. "बहुधा."