सुमनताईंच्या मेंदूतली जाळी

चाकणच्या एका कारखान्यात, गाड्यांचे पत्रे दाबून घडवायच्या प्रेस शॉपमध्ये, सुमनताई क्रेन चालवायच्या आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू द्यायच्या नाहीत. खाली हत्तीएवढे डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे लोखंडी साचे, वर काचेच्या केबिनमध्ये ताई. खालून पोरं ओरडायची, “घ्या ताई, घ्या घ्या घ्या... बास!” साखळी जरा तिरकी दिसली की वरून भोंगा. “आधी नीट बांध रे भावा! वरात निघालीये का तुझी?”

डोकं दुखतं म्हणून एमआरआय काढला, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बारीकसा फुगा निघाला. फुटलेला नव्हता, पण ताईंची सख्खी मावशी असाच फुगा फुटून गेलेली, आणि याचा आकारही वेडावाकडा. डॉक्टर अरुंधती म्हणाल्या, “मांडीतून तार नेऊन तिथे दाट विणीची जाळीदार नळी बसवू. रक्त सरळ पुढे जाईल, फुगा हळूहळू बंद पडेल. पण आधी आठवडाभर रक्त पातळ करायच्या गोळ्या. चुकवल्या, तर जाळीवर गुठळी धरेल.”

ताईंचा एकच प्रश्न, “परत क्रेनवर बसेन ना?”

“सगळं नीट झालं, तर का नाही?”

आठवडा नेमका नवरात्राचा. सासूबाई गिरजाबाई मूळच्या मावळातल्या. “गोळीत मक्याचं पीठ आसतंय म्हनं. उपासाला चालंल व्हय गं?” ताईंनाही शंका आली. शेवटचे दोन दिवस गोळ्या पाकिटातच राहिल्या.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या रोज घेतल्या?”

“एकदम टायमावर, मॅडम!” ताईंचे यजमान लक्ष्मणराव छाती काढून म्हणाले.

“नाही,” ताई म्हणाल्या. “दोन दिवस नाही घेतल्या. उपास मोडेल म्हणून.”

“अगं, सांगायचं कशाला? रजा टाकलीये मी!”

“साखळी तिरकी असताना मी डाय उचलते का?”

“बरं झालं बोललात,” डॉक्टर म्हणाल्या आणि तारीख आठवडाभर पुढे ढकलली. त्या आठवड्यात गिरजाबाईच पाण्याचा पेला घेऊन उभ्या. “आ कर. देवीला काय सांगायचं ते मी बघते.”

जाळी बसली. सहा महिन्यांनी तपासलं तर फुगा पूर्ण बंद. कंपनीच्या डॉक्टरांनीही होकार दिला आणि ताई पहिल्या शिफ्टला शिडी चढून केबिनमध्ये.

इकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गिरजाबाई शेजारणींना धरून सांगत होत्या, “मेंदूत जाळी हाय आमच्या सुनंच्या, तरी धा टनाचा डाय उचलती. तुमची काय उचलती गं? मोबाइल?”