वरच्या भाऊजींचा घाणा

ग्लासावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, हात हळूच बाजूला करून नाक आत घालायचं आणि दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचं. "थांबा, ती बोलतेय."

ती म्हणजे बर्बन, अमेरिकेतली मक्याची व्हिस्की. वरच्या मजल्यावरच्या भाऊजींचा हा सोहळा अधूनमधून रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये व्हायचा, कारण त्यांच्या घरात दारू चालत नसे. आमच्या घरात चालते का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. असा एक माणूस तुमच्याही सोसायटीत असेल, बघा आठवून. हिंजवडीची नोकरी संपवून घरी बसलेला, मुलगा अमेरिकेत, आणि मुलाने आणलेल्या प्रत्येक वस्तूवर व्याख्यान तयार.

ही बर्बन पिंपातून काढली तशीच बाटलीत भरलेली असते, पाण्याचा थेंब न घालता. आमच्या ह्यांनी एकदा बर्फ मागितला तर भाऊजी म्हणाले, "खडकवासल्याचं पाणी खडकवासल्यातच राहू दे." नाव एकच, पण दर वेळची पिंपं वेगळी, त्यामुळे चव वेगळी आणि झणकाही वेगळा. हे सगळं ऐकून मी कढईपाशी उभी राहून म्हटलं होतं, म्हणजे आमच्या चकल्यांचा घाणाच की. एक खुसखुशीत, पुढचा कडक. कुणी लक्ष दिलं नाही. पुढच्या बैठकीला भाऊजी बाटली उंच धरून सांगतायत, "हा पहिला घाणा, बरं का." जणू त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा निघालेला शब्द! मी तेव्हाच मनात नोंद केली.

तरी शब्दाचं एक वेळ सोडून दिलं असतं. एका रविवारी मी चकल्यांची ताटली ठेवता ठेवता सहज म्हटलं, मलाही द्या की जरा, बघू तरी घाण्याघाण्यात काय फरक असतो ते. भाऊजी ताटलीतली चकली मोडत म्हणाले, "अहो वहिनी, याला जीभ लागते. तुम्ही आपलं तिखटमीठ बघा. आजच्या घाण्यात मोहन कमी पडलंय." सगळे हसले. आमचे हेही हसले. ह्यांचं मी नंतर पाहिलं, पण भाऊजींचं मला चारचौघांतच पाहायचं होतं. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून, माझ्या चकल्या खाऊन वर मला जीभ नाही म्हणायचं? डोक्यात तिडीक गेली.

संधी त्यांनीच दिली. एकदा त्यांना तीन घाण्यांची परीक्षा घ्यायची हुक्की आली. बाटल्या दिसायच्या नाहीत, नुसत्या चवीवरून ओळखायचं. मग ओतणार कोण? ज्याला काही कळत नाही तो. म्हणजे मी. मी तिन्ही बाटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ग्लासांच्या बुडाला खालून टिकल्या लावल्या. प्रत्येकाच्या तीन ग्लासांपैकी एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. मग एकच बाटली फोडली आणि सगळे ग्लास तिच्यातूनच भरले. ओतता ओतता एक घोट घेतला, खोटं कशाला बोलू. भाजणी थोडी जास्त भाजली गेली की येतो तसा वास होता, आणि मागून गूळ. आवडली मला.

बाहेर सोहळा सुरू झाला. तळहात, डोळे, नाक. एका टिकलीचा घाणा कोवळा ठरला. दोन टिकल्यांच्यात म्हणे दालचिनी होती. तिसऱ्या ग्लासापाशी भाऊजींचा आवाज भरून आला. "वा! हा खरा. हा पिंपाच्या तळाचा." बैठकीला नेहमी येणारे खालच्या मजल्यावरचे दोघे माना डोलवत होते. आमचे हे तर डोळे मिटून बसले होते.

मी बाहेर येऊन टीपॉयवर तिन्ही बाटल्या ठेवल्या. त्यातल्या दोन बाटल्यांची सीलं शाबूत. मग म्हटलं, "भाऊजी, ती बोलली, की तुम्हीच बोललात?"

काय गारवा वाटला म्हणून सांगू! भाऊजी ग्लास उलटसुलट करून बुडाच्या टिकल्या बघत राहिले. कान लाल झाले होते. जाताना दारात एवढंच म्हणाले, "हे मी फेडीन, वहिनी."

आणि फेडलं, अगदी व्याजासकट. दिवाळीच्या तोंडावर तीच मंडळी घेऊन आले, झाकलेल्या ताटल्या घेऊन. प्रत्येक ताटलीत चकल्या. यातला एक घाणा तुमचा आहे, म्हणाले, ओळखा. आमच्या ह्यांनी घरभेदीपणा करून सकाळीच डब्यातल्या चकल्या वर पोचवल्या होत्या. मी म्हटलं, यात काय ओळखायचंय? एक तुकडा तोंडात टाकला आणि नाक मुरडलं, हिच्यात मोहन कमी पडलंय. दुसरी चाखली. खुसखुशीत, ओवा बेताचा. ही माझी.

भाऊजींनी ताटल्या उचलून धरल्या. बुडाला टिकल्या होत्या, मेल्याने टिकल्यासुद्धा माझ्याच चोरल्या होत्या. माझी म्हणून सांगितलेली नाक्यावरच्या दुकानातली, यंत्रावर पाडलेली निघाली. आणि मोहन कमी पडलेली माझी होती.

मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. सगळे हसत होते, फक्त भाऊजी हसत नव्हते. त्यांनी एक ग्लास माझ्यापुढे सरकवला, बर्बन ओतली आणि म्हणाले, "बसा आता. जीभ तुम्हालाही नाही अन् मलाही."

मी बसले. त्या दिवसापासून माझा ग्लास ठरलेला. माझ्याच घरात मला माझी जागा मिळाली, तीही हरल्यावर. पण म्हणून मी विसरले असं समजू नका. पुढचा डाव माझ्या मनात तयार होता. या खेपेला खरोखर तीन वेगळे घाणे ओतायचे. एकदा फसलेला तो माणूस आता हमखास सगळे एकच आहेत म्हणून छातीठोक सांगणार होता. ते तोंड बघायला मी पुढच्या बैठकीची वाट बघत होते.

त्याआधीच एका सकाळी भाऊजी खडकवासल्याला फिरायला गेले आणि तिथेच बसल्या जागी गेले. सगळी सोसायटी रडत होती. मीही रडले, पण रागाने जास्त. माझी पाळी होती हो! असं मध्येच उठून जातात का?

पुढच्या दिवाळीच्या आधी त्यांची बायको खाली आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली दोन बोटांत धरून म्हणाली, "कपाटात स्वेटरच्या मागे सापडली. तुमच्यासाठी ठेवली होती. वहिनींना घाणा ओळखायला लावणार, म्हणत होते."

बाटलीवर घाण्याचा नंबर सांगणारं लेबल नव्हतं. पाण्यात भिजवून, नखाने खरवडून साफ काढलं होतं. म्हणजे माझ्याआधी भाऊजींचाच डाव तयार होता.

परवा रविवारी ती फोडली. ग्लासावर तळहात ठेवला, डोळे मिटले. एकदा गूळ वाटला, एकदा भाजणी. "दुसरा घाणा," मी म्हटलं.

"कशावरून?" ह्यांनी विचारलं.

मी हात वर करून त्यांना गप्प केलं. थांबा म्हटलं, ती बोलेल. खूप वेळ थांबलो आम्ही. पण ती मेली एक अक्षर बोलली नाही.