आर्डिसच्या गाडीचा चौथा पाय

आर्डिस ट्वेट गाडीखाली पाठीवर पडली होती आणि तिचे नुसते बूट बाहेर दिसत होते. बर्फात असे बूट दिसले की काळजात धस्स व्हायला हवं, पण त्या आठवड्यात मी सरावले होते. वाकून विचारलं, कसं काय चाललंय? खालून उत्तर आलं, "बरं चाललंय." आर्डिसचं सगळं कायम बरंच चाललेलं असतं. नवरा गेला त्या दिवशी फोनवर तिनं मला आधी आमच्याकडे पाऊस कसा आहे ते विचारलं होतं आणि मग ऑरिन गेल्याचं सांगितलं होतं.

रेड नदीकाठचा हा घरगाड्यांचा तळ मी सांभाळते. साखरेच्या बीटचा हंगाम लागला की म्हातारी जोडपी आपापली चाकांवरची घरं घेऊन इथे उतरतात, बीटच्या ढिगांवर काम करतात आणि जमीन गोठायला लागली की ॲरिझोनाच्या उन्हाकडे पळतात. मी मूळची न्यू जर्सीची. लग्न करून नॉर्थ डाकोटात आले त्याला आता जमाना झाला. माझ्या माहेरी एखादी गोष्ट पटली नाही तर ती तोंडावर सांगतात आणि दोन घरं पलीकडच्यांनाही ऐकू जाते. इथे कॉफी विचारली तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, अगदी अर्धाच कप, असं म्हणून भरलेला कप घ्यायचा. समोरच्याची चूक दाखवणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकणं. या चांगुलपणानं माझं डोकं किती वेळा फिरलंय, विचारू नका.

आर्डिस तर या सगळ्यांची शिरोमणी. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढलं, कुणाला कधी आवाज चढवला नाही. दुकानदारानं एकदा चुकून लहान मापाचे बूट बांधून दिले, तर बिचाऱ्यानं पुडकं इतकं नीट बांधलंय म्हणून तिनं ते बूट दोन हिवाळे घातले. मुलगा ब्रेंट दर रविवारी हौसेनं बटाटे-खिम्याची हॉटडिश भाजतो, खालून करपवतो, आणि ही दुसऱ्यांदा वाढून घेते. मग माझ्याकडे येऊन सोडा पिते आणि मी कुणाला काही सांगणार नाही असं वचन घेते.

गाडीच्या बाबतीत मात्र तिला कमी लेखू नये. ऑरिनची नजर अधू झाल्यापासून गाडीखाली तीच शिरायची. तो बाहेर खुर्चीत बसून सांगायचा, ती करायची, आणि पुढेपुढे तो नुसताच बसायचा. तो गेल्यावर यंदा ती पहिल्यांदा एकटी गाडी हाकत आली, एकटीनं हंगाम केला, आणि आता निघायच्या वेळी गाडीनं पाय रोवले होते.

पाय म्हणजे शब्दशः पाय. घरगाडी उभी केली की तिच्या पोटातला पंप तेल ढकलतो आणि चार कोपऱ्यांचे चार जॅक खाली उतरून गाडी सपाट धरतात. बैठकीची खोली बाजूला सरकते तीही याच तेलावर. निघताना बटण दाबलं की तेल परत टाकीत जातं, खोली आत येते, पाय वर जातात. उन्हाळ्यात हे सगळं लोण्यासारखं होतं. थंडीत ते तेल काकवीसारखं दाटतं, बॅटरी मरगळते, पंप कण्हतो. सोमवारी सकाळी आर्डिसनं बटण दाबलं तर पाय वर जायला लागले, पण मागचा उजवा तसूभर हलेना. एक पाय जरी खाली राहिला तरी आतला लाल दिवा पेटतो आणि भोंगा कोकलत बसतो. तशी गाडी हाकली तर पाय मोडून पडणार आणि बरोबर गाडीचं पोटही फाडणार.

ती अडकून पडली एवढंच असतं तर आम्ही हसण्यावारी नेलं असतं. पण शनिवारी ब्रेंट फार्गोहून येणार होता. वडील गेल्यापासून त्यानं घराच्या तळघरात आईसाठी एक खोली केली होती, आणि मायलेकांचं असं ठरलं होतं की शनिवारपर्यंत आर्डिसनं गाडी स्वतःच्या हातानं रस्त्यावर आणली तर तिनं खुशाल दक्षिणेला जावं, नाहीतर गाडी ओढून त्याच्या आवारात न्यायची आणि तिनं तळघरात राहायला यायचं. ब्रेंट वाईट नाही. आईनं ती खोली बघून "छान आहे" म्हटलं होतं, त्यामुळे आपण तिच्या मनासारखंच करतोय असं त्याला वाटत होतं. मला मात्र तिनं सांगितलं होतं की त्या खोलीच्या खिडकीतून फक्त लोकांचे घोटे दिसतात.

तर सोमवारपासून तिनं एकेक गोष्ट निस्तरायला घेतली. गाडीचं इंजिन चालू ठेवून बॅटरीला जोर दिला. पंपाच्या कप्प्यात दिवा लावला, वरून रजई टाकली, केस वाळवायच्या यंत्रानं टाकीला ऊब दिली. पंप कण्हायचा थांबला, नीट घुमायला लागला. तीन पाय झटकन वर जायचे. चौथा नाही. आणि तिचं काम चालू असताना समोर खुर्च्या. आमच्या तळावर कुणाची गाडी अडली की जो तो आपली घडीची खुर्ची घेऊन येतो, जाडजूड कोटात बसतो आणि सल्ले देतो. कुणी म्हणे झडप अडकलीय, कुणी म्हणे नळीत हवा शिरलीय. खुर्च्यांच्या मधोमध व्हर्जिल.

व्हर्जिल शेजारच्या जागेवरचा. धान्याच्या कोठारावर जन्म गेला, आवाज अजून तिथलाच, यंत्रांच्या वर चढणारा. त्यानं निकाल दिला की तेल कमी पडलंय. आर्डिसला पक्कं ठाऊक होतं की टाकीतलं तेल बघायचं ते पाय वर आणि खोली आत घेऊन, कारण खोली बाहेर असताना निम्मं तेल तिकडे गुंतलेलं असतं आणि टाकी रिकामीच दिसते. ऑरिननं तिला हे शंभरदा सांगितलं होतं. पण व्हर्जिल उत्साहानं घरून तेलाचा डबा घेऊन आला होता. ती म्हणाली, "असेलही, बघू या." त्यानं डबा रिकामा केला. मग तिनं खोली आत घेतली, गुंतलेलं तेल परतलं आणि टाकीच्या झाकणातून भसाभसा बाहेर आलं. पांढऱ्या बर्फावर लालभडक तेल, कोंबडी कापल्यासारखं. आर्डिस म्हणाली, काही हरकत नाही, आणि स्वतःचे चांगले टॉवेल आणून पुसायला लागली. मी तिथून निघून गेले, नाहीतर माझ्या तोंडून काय निघालं असतं सांगता येत नाही.

पण खरा वैताग पुढेच आहे. बुधवारी मी तिच्यासाठी सूप घेऊन गेले तर ती मागच्या पायाशी छिन्नीनं बर्फ फोडत होती. वाकून बघितलं. जॅकच्या पायाखाली आम्ही लाकडी फळ्या ठेवतो. तो पाय फळ्यांना चिकटून गोठला होता आणि फळ्या जमिनीला. म्हणजे पंप, तेल, झडप, बॅटरी सगळं ठीक होतं, पायच बर्फानं धरून ठेवला होता. आणि बर्फ येत कुठून होता? थंडीत नळी फुटू नये म्हणून नळ बारीक चालू ठेवायची इथली रीत. सगळे ते पाणी मोरीत सोडतात. व्हर्जिलच्या नळाची नळी मोरीपासून वीतभर बाजूला पडली होती, आणि ते पाणी चाकाच्या चाकोरीतून थेट आर्डिसच्या पायाखाली जात होतं. ही सकाळी फोडायची, दुसऱ्या सकाळपर्यंत ते पुन्हा जमायचं.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"काल सकाळीच."

"मग सांग ना त्याला."

"अगं, कसं सांगू? ऑरिनच्या शवपेटीला त्यानं खांदा दिलाय, बर्टा. त्याला किती वाईट वाटेल."

"आणि तळघरात गेलीस की तुला काय वाटेल?"

"फोडेन मी. होईल शनिवारपर्यंत. तू मात्र एक शब्द बोलायचा नाहीस हं. शपथ आहे."

शपथ घातली म्हणून तोंड शिवलं, पण पायाला कोण अडवतंय. जाता जाता बुटानं ती नळी मी मोरीत ढकलून दिली. व्हर्जिल नीटनेटका माणूस. तासाभरानं बघते तर त्यानं नळी उचलून पुन्हा पहिल्या जागी सरळ मांडली होती. मी परत ढकलली, त्यानं परत मांडली. शुक्रवारपर्यंत आमचा हा खेळ चालू होता आणि मला खरोखर रडू यायचं बाकी होतं. तिकडे छिन्नीचा आवाज येतच होता. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, आणि विचारलं की बरं चाललंय.

शनिवारी ब्रेंट आला. ओढून न्यायची मोठी गाडी बरोबर होती आणि मागच्या सीटवर आईसाठी मऊ घोंगडी. खुर्च्या आधीच मांडलेल्या होत्या. आर्डिसनं पहाटेपासून फोडलं होतं तरी पायाभोवती कडं उरलंच होतं. ती आत गेली, इंजिन लावलं, बटण दाबलं. तीन पाय वर गेले. भोंगा वाजायला लागला. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग इंजिन बंद करून ती खाली उतरली आणि पायरीजवळ हात पुसत उभी राहिली.

ब्रेंटनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, तू खूप केलंस. कुणी काही म्हणणार नाही. चल आता. खोलीला तुझ्या आवडीचा फिका हिरवा रंगसुद्धा दिलाय."

"छान," आर्डिस म्हणाली. ती गाडीकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं. मी शपथ मोडायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ती वळली.

"व्हर्जिल," ती म्हणाली, "तुमच्या नळाचं पाणी माझ्या गाडीच्या पायाखाली येऊन गोठतंय."

इतकी वर्षं इथे राहून मी असलं वाक्य या तळावर ऐकलं नव्हतं. व्हर्जिलचे कान लाल झाले. त्यानं टोपी काढली, परत घातली.

"माहीत आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मंगळवारीच दिसलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काही म्हणाली नाहीस ना. मला वाटलं, पाणी फिरवलं तर माझ्या लक्षात आलंय हे तुला कळेल. तेलानं किंवा कशानं पाय निघाला असता तर दोघांनाही बोलावं लागलं नसतं."

मी हातातला किल्ल्यांचा जुडगा बर्फात आपटला. कुणी लक्ष दिलं नाही. व्हर्जिल गेला आणि त्यानं नळ बंद केला. मग बाकीचेही उठले, म्हणजे त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणी खुर्ची सोडली. कुणी मिठाची पिशवी आणली, कुणी नळ्यांत घालायचं गुलाबी न गोठणारं पाणी. ब्रेंट कोट काढून गाडीखाली शिरला आणि आईच्या शेजारी आडवा होऊन छिन्नी मारायला लागला. थोड्या वेळानं ती उठून आत गेली. बटण दाबलं. काड्कन आवाज झाला, पाय सुटला आणि फळीचा एक तुकडा तसाच चिकटवून वर गेला. लाल दिवा विझला. भोंगा थांबला.

ब्रेंट बाहेर आला तो हसतच. आपण हरलो याचं त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "जा मग," तो म्हणाला. "खोली काय, पुढच्या वर्षीही आहेच. तुला आवडलेली."

"मला ती आवडलेली नाही, ब्रेंट."

"तू छान म्हणालीस ना?"

"मी सगळ्यालाच छान म्हणते. तुझ्या वडिलांना कळायचं त्यातलं खरं कुठलं ते." मग तिनं त्याचा गाल थोपटला, त्याच्या कोटाची बटणं लावून दिली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली.

व्हर्जिल गाडीमागे उभा राहून दोन्ही हातांनी डावी-उजवी दाखवायला लागला, नेहमीसारखं उलटंच. तिनं खिडकीतून डोकं काढलं आणि त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागून दक्षिणेकडे वळली.

ब्रेंट कितीतरी वेळ तिथेच उभा होता. जिथे तिचा पाय होता तिथल्या बर्फातल्या चौकोनी खड्ड्याकडे बघत होता. मी कॉफी विचारली, तो नको म्हणाला. पुन्हा विचारली, पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी त्यानंच मान वर केली.

"मला एक सांगा, बर्टा," तो म्हणाला. "रविवारी मी हॉटडिश करतो. ती दोनदा वाढून घेते. ती तरी तिला आवडते ना?"

मी न्यू जर्सीची. खरं ते तोंडावर सांगायचं, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"छान असते म्हणत होती," मी म्हणाले.