फॉरमॅट झालेली गाणी

वरठीत कोणाचा कॉम्प्युटर अडला की मला बोलावणं यायचं. मी कारखान्यात नोकरीला. या विषयाचं शिक्षण काही नाही, पण सीडींचं एक पाकीट आणि स्क्रू-ड्रायव्हर मोटरसायकलच्या डिक्कीत कायम असायचा. मशीनच्या सगळ्या दुखण्यांवर माझ्याकडे एकच औषध होतं: फॉरमॅट मारणं. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, घरोघरी सेकंडहँड कॉम्प्युटर येऊ लागले होते, आणि फॉरमॅट मारता येणाऱ्या माणसाला चहा-पोह्यांसोबत थोडा मानही मिळायचा. त्या मानाची मला सवय लागली. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे, असं मला आजही वाटतं.

एका सकाळी आमच्याच घरचा कॉम्प्युटर सुरू होईना. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, आणि पुढे काही नाही. बायको दिघोरीला, आईजवळ राहायला गेली होती. ती यायच्या आत ठीक करून ठेवू, खूश होईल, असा माझा हिशेब. दुपारपाळीला जाण्याआधी मी सीडी टाकली, सी ड्राइव्ह पुसला आणि नवी सिस्टीम टाकून मोकळा झालो. महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवायचं, हा माझा नियम. लोकांना मी तो घसा कोरडा होईस्तोवर सांगायचो. बायकोला कधी सांगितला होता का, हे आठवून पाहिलं नाही.

ती परत आली, मशीनपुढे बसली आणि म्हणाली, "आता बरं चालून राहिलं. पण बाबांची गाणी कुठी गेली?"

तिचे बाबा, म्हणजे माझे मामाजी, धानाची शेती करायचे आणि गावच्या विहारातल्या भजन मंडळीत गायचे. गाणी स्वतःच रचायचे. कागदावर एकही उतरवलं नव्हतं. शेवटच्या दुखण्यात ते आमच्याकडे होते. खाटेवर पडल्या पडल्या ते ओळी म्हणायचे आणि बायको टाइप करायची. मराठी टायपिंग ती लग्नाआधी भंडाऱ्याच्या क्लासमध्ये शिकली होती, जुन्या खटखट टाइपरायटरवर. मामाजी म्हणायचे, "पोरीचा हात पाहा, आमच्या ढोलकीवाल्यापेक्षा तालात आहे." मी त्याच खोलीत पेपर वाचत बसलेलो असायचो. त्या फाइली कुठे ठेवतेस, हे मी एकदाही विचारलं नाही. मामाजी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"कुठं सेव्ह केली होती?" मी विचारलं.

"जिथं मशीन ठेवते तिथंच. सेव्ह म्हटलं की ठेवते ना ते आपल्या मनानं."

मशीन आपल्या मनानं ठेवते ती जागा सी ड्राइव्हवर असते.

"आहेत," मी म्हणालो. "काढून देतो."

"आहेत म्हंता, मंग तोंड काहून उतरलं?"

पाळीची वेळ झाली म्हणत मी मोटरसायकल काढली.

कारखान्यातल्या एका मित्राला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तो म्हणाला, मशीन आता चालूच करू नको. पुसलेली फाइल लगेच जात नाही, तिच्या जागी दुसरं काही लिहिलं गेलं की जाते. मी मनात त्याचा अर्थ लावला: धान कापलं तरी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, धसकटं उरतात, नांगर फिरला की गेली. नवी सिस्टीम टाकून मी अर्ध्या बांधीवर नांगर फिरवून बसलो होतो.

रविवारी हार्ड डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि मित्राकडे नेली. त्याच्या मशीनला ती दुसरी डिस्क म्हणून जोडली आणि पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम लावला. हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. दुपार कलली तेव्हा काही फाइली वर आल्या. नावं गेली होती, नुसते नंबर उरले होते. पहिली उघडली. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, ओळीच्या ओळी, अर्थ कशालाच नाही. दुसरी तशीच. तिसरीही.

"सडल्या," मित्र म्हणाला. "डिलीट मार. सीडी कायले वाया घालवतं?"

माझं बोट त्या बटणावर गेलंही होतं. मग वाटलं, एकदा तिला न विचारता पुसलं, आता परत तेच करतो आहे. त्या सडलेल्या फाइली मी सीडीवर घेतल्या आणि घरी आलो.

ती तांदूळ पाखडत बसली होती. मी सगळं सांगितलं. फॉरमॅट मारला, तुला विचारलं नाही, आहेत म्हणालो तेही खोटं होतं. तिच्या हातातलं सूप थांबलं नाही.

"आईकडे फोन होता ना?"

"होता."

"दुनियेच्या घरी जाता तं विचारता, काही ठेवलं आहे का जी यात. आपल्या घरी विचारायले लाज वाटते."

हे खरं होतं. मी खाली बसून तांदळातले खडे वेचू लागलो.

तांदूळ पाखडून झाले तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं. "दाखवा, कशी सडली ते."

मी हार्ड डिस्क परत बसवून सीडीवरची फाइल उघडून दिली. ती पडद्याकडे बघत राहिली. वरच्याच ओळीत आय, के, मग टिंब, पुन्हा के, आणि एच. ती क्लासमध्ये शिकली त्या मशीनच्या बटणांवर मराठी अक्षरं होती. कॉम्प्युटरवर टाइप करताना बटणांकडे ती कधी पाहायचीच नाही.

"हे आय कुठी आहे?"

मी दाखवलं. तिनं मधलं बोट त्यावर ठेवलं आणि थबकली. "हे तं प आहे." बोट एक ओळ खाली के वर आलं. "हा काना." मग टिंबावर अनामिका, अर्धा ण; परत के, तो पुरा झाला; शेवटी तर्जनी एचवर. तिचे ओठ हलले. "पाणी," ती म्हणाली. "सगळं उजव्या हाताचं आहे. पाण्याचं गाणं आहे हे बाबांचं."

फाइली सडल्या नव्हत्याच. फॉरमॅट मारताना तिचा मराठी फॉन्टही मी पुसला होता, मित्राच्या मशीनवर तो नव्हताच, आणि फॉन्टाविना मराठीची अशी इंग्रजी दिसत होती. मला मराठी टाइप करता येत नव्हतं, म्हणून ते सुचलंही नाही. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला जाऊन तिच्या जुन्या टायपिंग क्लासमधून तो फॉन्ट आणला. टाकला, आणि बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याच्या, पाण्याचं गाणं पडद्यावर उभं राहिलं:

पाणी बोडीचं सांगे बांधीले,
कोणी नाही रे मोठं पाण्याले.

ती रडली नाही. तिनं पदरानं पडदा पुसला, एवढंच.

बहुतेक गाणी आली. काही मात्र मधेच तुटलेली होती. पाण्याचं गाणं दुसऱ्या कडव्यापाशी संपत होतं, पुढे नांगर फिरला होता. तिसरं कडवं तिलाही आठवेना. टाइप केलं होतं, म्हणून पाठ करायची गरज वाटली नव्हती, असं ती म्हणाली. ते मला जास्त लागलं.

म्हणून आम्ही दिघोरीला गेलो. मामाजींच्या मागे झील धरणाऱ्या, म्हणजे त्यांची ओळ उचलून गाणाऱ्या, एक काकी होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "काय जवाई, एवढी महागाची मशीन, आणि तिले पाठ होत नाही?"

मग विहाराच्या ओट्यावर बसून त्यांनी तिसरं कडवं म्हटलं. थोडं थांबून तेच वेगळ्या शब्दांत म्हटलं. "तुझा बाप दर खेपेले बदलवे. कोणतं खरं, त्यालेच माहीत."

मला हसू आलं. एकच असं पक्कं गाणं कधी नव्हतंच तर, असं वाटून छातीवरचं ओझं जरा हललं. बायकोनं ते बरोबर ओळखलं. "हासू नका. त्यानं तुमची चूक सुटली नाही," ती म्हणाली, आणि वही-पेन माझ्या हातात दिलं. "दोन्ही लिहा."

मी लिहू लागलो. प्रत्येक ओळ उतरवायच्या आधी विचारत होतो, असंच ना, हाच शब्द ना.

"जवाई लयच विचारते बाप्पा," काकी कंटाळून म्हणाल्या.

"विचारू द्या काकी," ती म्हणाली. "आता आता शिकले ते."